डोंगर आणि शिड, एकाच वर्षात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीत ट्रेक करणारे खूप आहेत, शिडाची होडी चालवणारे थोडे आहेत, आणि दोन्ही एकाच वर्षात करणारे अगदीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे कुणाला सांगितलं की ठरलेले प्रश्न येतातच. तीच उत्तरं इथे एकत्र करून ठेवलीयेत, म्हणजे ज्यांना खरंच करायचंय त्यांना प्लॅन करताना उघडून बघता येईल.

नेमकं करायचं काय वर्षभर?

माझ्या मते सगळ्यात चांगला साचा युनेस्कोनेच तयार करून दिलाय. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे आणि बाकीचे ११ आपल्याकडे. या ११ पैकी साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, प्रतापगड आणि पन्हाळा हे ७ डोंगरातले, आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे ४ समुद्रातले नाहीतर समुद्राला लागून. म्हणजे चालणं आणि पाणी दोन्हीची वाटणी आपोआप झाली. डोंगरातले सात पायी करायचे, आणि पाण्यातले चार बघायच्या आधी शिडाची होडी चालवायला शिकायचं, एवढंच ते वर्ष.

फक्त यादीवर टिक मारत सुटायचं नाही. एकेका किल्ल्याला दोन-तीन दिवस द्या आणि आजूबाजूचे घाट, खाड्या, गावं बघा, नाहीतर ११ वेळा पार्किंग शोधल्याचंच लक्षात राहील.

पण डोंगर आणि समुद्र एकत्र कशाला? एक काहीतरी नीट करा ना.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं. आपल्याकडे हे दोन वेगळे छंद नाहीतच, वारा एकच आहे. जुलैत नाणेघाटात जाऊन उभे राहा, खाली पडणारं पाणी वारा उचलून परत वर फेकतो, उलटा धबधबा म्हणून लोक फोटो काढतात तोच. तो वारा नैऋत्येकडून येतो, अरबी समुद्रावरून, आणि त्याच दिवशी त्याच वाऱ्याने मुंबईपासून मालवणपर्यंत सगळ्या छोट्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. समुद्र बंद का असतो हे घाटमाथ्यावर अंगाला कळतं, आणि घाटमाथ्यावर ढग का थांबतात हे होडीत बसून पूर्वेकडे बघितलं की डोळ्यांना दिसतं, कारण संध्याकाळी अख्खी सह्याद्रीची भिंत आडवी उभी असते समोर.

दुसरं म्हणजे इतिहास. नाणेघाट ही वाट मुळात बंदराची वाट. कल्याण, सोपाऱ्याला जहाजातून माल उतरायचा, बैलांच्या पाठीवर घाट चढायचा आणि जुन्नरला जायचा. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांची लेणी आहेत, राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, आणि जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण. आणि जुन्नरच्या डोक्यावर शिवनेरी. हे सगळं एका दिवसात चालून बघितलं की किल्ला आणि बंदर वेगळे धडे म्हणून शाळेत का शिकवले असा प्रश्न पडतो.

कुठल्या महिन्यात काय करायचं?

वर्ष जूनपासून धरा, जानेवारीपासून नाही. मुंबईत मान्सून यायची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परत जायची ८ ऑक्टोबर, या दोन तारखांच्या मधे समुद्र विसरा. यांत्रिक मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. हे चार महिने डोंगराचे. पण सगळेच किल्ले पावसात चांगले असं नाही. पन्हाळा जुलैत करा आणि जमलं तर पन्हाळा ते पावनखिंड चाला, १६६० साली महाराज ज्या रात्री निघाले ती रात्रही जुलैतलीच, चिखल, जळवा, भाताची खाचरं, धुकं सगळं तेव्हाच अनुभवायला मिळतं आणि मगच कळतं की त्या लोकांनी काय केलं. लोहगड पावसात सुंदर असतो पण शनिवार-रविवारी गर्दीमुळे पायऱ्यांवर पाऊल टाकायला जागा नसते, मधल्या वारी मळवलीला उतरून भाज्यावरून चालत जा. शिवनेरी आणि नाणेघाट ऑगस्टमध्ये. राजगड मात्र सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस ओसरलेला, सोनकीने सगळ्या माच्या पिवळ्या झालेल्या, आणि चोर दरवाज्याचा कातळ निदान थोडा तरी सुकलेला असतो.

ऑक्टोबरमध्ये उकाडा असतो आणि वारा हलका, शिकायला हाच महिना बरा. सेलिंगचा कोर्स आत्ता करायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सोन्याचा काळ, सकाळी गारवा, दुपारी भरवशाचा वारा, समुद्र शांत. खांदेरी नोव्हेंबर-डिसेंबरात, साल्हेर डिसेंबर-जानेवारीत कारण बागलाणात थंडी जबरदस्त पडते आणि हवा इतकी स्वच्छ असते की सेलबारी-डोलबारीची रांग सगळी दिसते. मालवण-विजयदुर्ग जानेवारीत. रायगड आणि सुवर्णदुर्ग फेब्रुवारीत जोडून, त्याचं सविस्तर खाली लिहिलंय.

मार्चमध्ये प्रतापगड. एप्रिल-मेमध्ये दिवसा डोंगरात जाऊ नका, खरंच नका, उन्हामुळे दरवर्षी लोकांचे हाल होतात. तेव्हा समुद्रावर दुपारचा वारा चांगला जोरात असतो, ज्यांचा हात बसलाय त्यांना मजा येते. मेच्या शेवटी भंडारदरा-पुरुषवाडी भागात काजवे असतात, रात्रीचा कळसूबाई (१६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर) त्याला जोडता येतो. तो युनेस्कोच्या यादीत नाही पण वर्ष संपवायला मला तोच बरा वाटतो, वळवाचे ढग वर जमायला लागलेले असतात.

मला सेलिंगमधलं ओ की ठो कळत नाही. कुठे शिकू?

मुंबईत गेटवे-कुलाबा भागात क्लब आहेत. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा, कुलाबा सेलिंग क्लब आहे, काही क्लब मेंबर नसलेल्यांनाही कोर्स देतात, काही नाही देत, फोन करून विचारा. गोव्यात गोवा यॉटिंग असोसिएशनचं दोनापावलाला लहान मुलांचं ट्रेनिंग चालतं आणि नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्स ही सरकारी संस्था आहे. ब्रिटिश आरवायएच्या (रॉयल यॉटिंग असोसिएशन) पद्धतीचे कोर्स भारतातही मिळतात, त्यात नवशिक्यांसाठीचा एक कोर्स म्हणजे कॉम्पिटंट क्रू, साधारण पाच दिवसांचा.

सल्ला एकच, सुरुवात डिंगीवर, म्हणजे एक-दोन माणसांच्या छोट्या उघड्या शिडाच्या होडीवर करा. मोठ्या यॉटवर स्किपर, म्हणजे होडीचा कप्तान, सगळं करतो आणि तुम्ही दोरी धरून बसता, छान वाटतं पण डोक्यात काही राहत नाही. डिंगीत चूक केली की ती पुढच्या दोन सेकंदात कळते कारण होडी कलंडते किंवा उलटते. उलटलेली होडी सरळ करायला पहिल्याच दोन दिवसांत शिकवतात, ते झालं की भीती बरीच कमी होते.

गेटवेवरून दोन तासांची यॉट राईड मिळते ती पर्यटकांसाठी आहे, आवडतंय का बघायला ठीक.

पोहता येत नाही. चालेल?

नाही चालणार. लाइफ जॅकेट असतंच, पण पाण्यात पडल्यावर न घाबरता तरंगत राहता यायला पाहिजे. जून ते सप्टेंबर चार महिने हातात आहेत, जवळच्या स्विमिंग टँकवर नाव घाला. ऑलिम्पिकसारखं नको, ५० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं जमलं तरी पुरे.

शिडाच्या होडीने खरंच किल्ल्यापर्यंत जाता येतं का?

खरं सांगायचं तर चारातल्या तीन ठिकाणी तुम्ही स्थानिक माणसांच्या मोटारबोटीनेच नाहीतर पायी जाल आणि तेच बरोबर आहे. सिंधुदुर्गला मालवण धक्क्यावरून बोटी सुटतात, अंतर थोडंच आहे पण मधे इतके खडक आहेत की बोटवाला सरळ जातच नाही, डावीकडे उजवीकडे वळत एका ठराविक वाटेने नेतो. ती वाट नीट बघा. १६६४ साली कुरटे बेटावर किल्ला बांधायची जागा का निवडली याचं अर्धं उत्तर त्या वळणांमध्ये आहे, अनोळखी जहाज तिथे यायची हिंमतच करणार नाही. सुवर्णदुर्गला हर्णैवरून बोट मिळते. विजयदुर्गला तर पायीच आत जाता येतं, पण संध्याकाळी बोटीतून वाघोटन खाडीच्या तोंडाशी जाऊन एकदा तटबंदी पाण्यातून बघाच, आत फिरताना तिचा आवाका कळत नाही.

शिडाने जायचं ते खांदेरीला. मुंबई हार्बरमधून दक्षिणेला साधारण १३-१४ नॉटिकल मैल, चांगल्या वाऱ्याला तीन तास. अर्थात अनुभवी स्किपर, क्लबची परवानगी आणि उतरायची परवानगी हे सगळं आधी. बेटावर दीपगृह आहे, वेताळाचं देऊळ आहे, आपटला की धातूसारखा वाजणारा दगड आहे. १६७९ मध्ये महाराजांनी हे बेट ताब्यात घेऊन तटबंदी सुरू केली तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही अंगावर आले होते, आणि मुंबईहून शिडाने निघालात की का आले ते आपोआप कळतं, हार्बरच्या तोंडावरच बसलंय ते. कान्होजी आंग्र्यांचं नाव आता बेटाला दिलेलं आहे. आंग्र्यांच्या गलबतांना मोटर नव्हती, ते याच दुपारच्या वाऱ्यावर यायचे-जायचे, हा विचार डोक्यात ठेवून शीट (शिड ओढायचा-सोडायचा दोर) हातात धरली की वेगळंच वाटतं हे मात्र नक्की.

खांदेरीला जायचा दिवस कसा निवडायचा? भरती-ओहोटीचं गणित सांगा.

किनाऱ्यावरच्या लोकांचं जुनं गणित आहे, तिथीची पाऊणपट. आजची तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा, जी संख्या येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. दिवसातून दोनदा. हा अंदाज आहे, निघायच्या आधी टाइड टेबल बघायचंच, पण कॅलेंडर हातात असलं की फोन लागत नाही.

आता खांदेरीसाठी अष्टमी घेऊ. आठ पाऊण सहा. पहाटे सहाला भरती पूर्ण, मग बारापर्यंत पाणी हार्बरमधून बाहेर दक्षिणेकडे ओढतं, आणि बारानंतर परत आत यायला लागतं. म्हणजे सकाळी साडेसहा-सातला निघालात तर जाताना ओहोटी मागून ढकलते आणि दुपारी परतताना भरती ओढून आणते. शिवाय अष्टमीला भांगाची भरती असते, पाण्याचा जोर कमी. हेच पौर्णिमेला केलंत तर उलटं, उधाणाच्या दिवशी मुंबईत पाणी चार मीटरहून जास्त वर-खाली होतं, आणि सकाळभर जोरात आत येणाऱ्या पाण्याशी झगडत बसावं लागतं.

वाराही याच वेळापत्रकात बसतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, पूर्वेकडचा, दक्षिणेला जाणाऱ्या होडीला तो बाजूने मिळतो आणि होडी छान पळते. अकराच्या आसपास तो मरतो, अगदी पान हलत नाही, तेव्हा डबे उघडायचे. बारा-एकला वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि तीनपर्यंत चांगला भरतो. परत येताना होडी वाऱ्याच्या जवळजवळ तोंडालाच न्यावी लागते म्हणून वेळ जास्त धरा. अंधार पडायच्या दोन तास आधी हार्बरच्या आत असलंच पाहिजे.

अलिबागचा कुलाबा किल्ला चालत करायचा असेल तर मात्र अष्टमी उपयोगाची नाही, भांगाला पाणी पुरेसं उतरतच नाही. तिथे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची ओहोटी लागते, आणि ती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला येते. पाणी चढायच्या आत परत यायचं, किल्ल्यातले स्थानिक लोक सांगतात तेव्हा निघायचं, वाद घालायचा नाही.

वाऱ्याच्या विरुद्ध होडी जातेच कशी?

थेट विरुद्ध नाही जात. वाऱ्याला साधारण ४५ अंशात तिरकी जाते, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरकी, असं नागमोडी. अवघड घाटात वाट जशी वळणं घेत चढते तसंच. त्याला टॅकिंग म्हणतात. शिड तेव्हा विमानाच्या पंखासारखं काम करतं, वारा त्याला नुसता ढकलत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहतो आणि ओढतो, आणि होडीखालची कील किंवा सेंटरबोर्ड, म्हणजे पाण्यात उतरलेली उभी फळी, तिला बाजूला घसरू देत नाही म्हणून ती पुढे जाते.

शिकताना एक गोष्ट बघत राहा. पुढच्या शिडाच्या, म्हणजे जिबच्या कापडावर दोन्ही बाजूंना लोकरीचे बोटभर धागे चिकटवलेले असतात, टेलटेल. दोन्ही धागे मागे सरळ वाहत असतील तर सगळं बरोबर चाललंय. वाऱ्याच्या बाजूचा धागा वर उडायला लागला की शीट थोडी ओढा किंवा होडी वाऱ्यापासून जरा लांब वळवा. पलीकडच्या बाजूचा फडफडला की शीट सोडा किंवा वाऱ्याकडे वळवा. एवढंच. हे करता करता तासभर कुठे जातो समजत नाही, आणि मग पुढच्या वेळी कोकणकड्यावर बसलात की गवत कुठल्या बाजूला झुकतंय, ढग कुठून चढतोय हे न ठरवता दिसायला लागतं. मला ट्रेकिंगमध्ये जे इतकी वर्षं दिसत नव्हतं ते सेलिंगने दाखवलं.

दोन्हीसाठी वेगळं सामान घ्यावं लागतं का?

बूट वेगळे घ्या, यात तडजोड नाही. ट्रेकच्या बुटाचा चिखल आणि काळा सोल डेकवर चालत नाही आणि डेकचे बूट निसरड्या कातळावर धरत नाहीत. बाकी बरंच सामाईक आहे, पाठीवरची ड्राय बॅग, विंडचिटर, लगेच सुकणारे कपडे, हेडलॅम्प, दोरीने गळ्यात अडकणारी टोपी (होडीत टोपी उडाली की गेली), दोन लिटर पाणी, ओआरएस. सुती कपडे दोन्हीकडे नकोत.

दोर मात्र सामाईक नको. चढाईचा दोर आणि कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) खाऱ्या पाण्याजवळ नेऊच नका, गेलेच तर गोड्या पाण्याने नीट धुऊन सावलीत सुकवा.

गाठी दोन्हीकडच्या बऱ्याच त्याच आहेत ही आनंदाची गोष्ट. फिगर ऑफ एट होडीत शीटच्या टोकाला मारतात, म्हणजे दोर पुलीतून निसटून जात नाही, आणि तीच गाठ परत उलट फिरवून दुहेरी केली की चढाईत हार्नेसला बांधायची. बोलाइनने शीट शिडाच्या कोपऱ्याला बांधतात. डोळे मिटून बांधता येईपर्यंत सराव करा, घरी खुर्चीच्या पायाला.

बोट लागते मला. काय करू?

आदल्या रात्री नीट झोप, सकाळी उपाशी नाही पण तेलकटही नाही, पोहे-केळं ठीक. होडीत खाली वाकून मोबाईल बघायचा नाही, नजर क्षितिजावर. सुकाणू हातात दिलं तर घ्या, चालवणाऱ्याला कमी लागते. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघायच्या तासभर आधी, मळमळायला लागल्यावर घेऊन फार उपयोग नसतो. आल्याचा तुकडा खिशात ठेवतात बरेच जण.

रायगड आणि सुवर्णदुर्ग जोडून कसं करायचं?

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, म्हणून जरा लांबतंय. नदी धरून जायचं. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, प्रतापगडाच्या भागातून खाली पोलादपूर, महाडकडे येते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. वेळ असेल तर प्रतापगडावरून सुरुवात करा, नाहीतर थेट रायगड. रोपवे आहे, पण जाताना पायऱ्यांनीच जा, १४०० हून जास्त आहेत, पहाटे पाचला पाचाडवरून निघालात तर ऊन चढायच्या आत महादरवाज्यात असाल. टकमक टोकावरून आणि भवानी टोकावरून सगळी खोरी दिसतात. महाड हे एकेकाळी खाडीचं बंदर होतं, भरतीबरोबर गलबतं आत यायची. राजधानी डोंगरावर असली तरी तिचा मिठा-मालाचा रस्ता पाण्याचाच.

दुसऱ्या दिवशी नदीच्या बाजूबाजूने बाणकोटला या. वेसवी-बागमांडला फेरीबोट गाड्यांसकट खाडी ओलांडते, तिच्यावर उभं राहून नदी समुद्राला मिळताना बघायची. ओहोटीला पाण्याचा रंग बदलतो ती रेघ स्पष्ट दिसते. मग केळशी, आंजर्ले करत हर्णै. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो, तो चुकवायचा नाही, आणि सकाळी सुवर्णदुर्ग. किल्ल्याच्या समोर किनाऱ्यावर कनकदुर्ग आहे, तिथून दोन्ही किल्ल्यांमधलं पाणी बघितलं की जहाजं कुठे सुरक्षित उभी राहत असतील ते डोळ्यांसमोर येतं.

तीन दिवसांचं काम आहे. एसटीने होतं, पण जोड गाड्या कमी आहेत म्हणून आधी चौकशी करून निघा.

मुंबई ते गोवा शिडाने जाता येईल का?

पहिल्या वर्षी नाही. अंतर साधारण सव्वादोनशे नॉटिकल मैल, पाच नॉटने (ताशी पाच नॉटिकल मैल) चाललात तर जवळजवळ दोन दिवस-दोन रात्री, न थांबता. वायव्येचा वारा मागून मिळतो म्हणून जाताना सोपं आणि परत येताना तोच वारा तोंडावर. रात्री मासेमारी बोटी, जाळी, मोठी जहाजं सगळं असतं. चांगल्या स्किपरबरोबर क्रू म्हणून जायला मिळालं तर नक्की जा, आळीपाळीने रात्रीचा पहारा करणं हे शिकण्यासारखं आहे.

कोळी बांधवांच्या जाळ्यांचं काय? अडकलो तर?

जाळ्यांपासून लांब राहायचं, ही आपली जबाबदारी. थळ, खांदेरीच्या भागात समुद्रात रोवलेले खांब आणि डोलजाळी असतात, फ्लोट दिसले की कुठल्या बाजूने जायचं ते जवळच्या बोटीला हाक मारून विचारा, हात करून सांगतात. त्यांचं जाळं म्हणजे त्यांचं पोट आहे. आपण मजेसाठी आलोय आणि ते कामावर आहेत, वाट त्यांना द्यायची. नारळी पौर्णिमेला एखाद्या कोळीवाड्यात जा, समुद्राला नारळ वाहून हंगाम सुरू करतात तो दिवस आपल्या वर्षातलाही मोठा दिवस धरावा असं मला मनापासून वाटतं.

आणि मोठ्या जहाजांशी हट्ट नको. मोटारबोटीने शिडाला वाट द्यायची हा नियम बरेच जण पाठ करतात, पण अरुंद चॅनलमध्ये जहाजाला अडवायचं नाही हाही नियमच आहे. नौदलाच्या हद्दीपासून तर लांबच.

पावसाळ्यात ट्रेक सेफ असतो का?

वाट निवडली तर असतो. ओढा गुडघ्याच्या वर असेल आणि पाणी गढूळ असेल तर ओलांडायचा नाही, परत फिरायचं. धबधब्याखाली उभं राहायचं नाही, वरून दगड येतात. धुक्यात कड्यावर सेल्फी नाही. जिल्हाधिकारी दरवर्षी काही ठिकाणी बंदीचे आदेश काढतात ते आधी वाचायचे आणि पाळायचे. किल्ल्यावर मुक्कामाची परवानगी आहे का हेही विचारून घ्या, पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यांवर नसते, पायथ्याच्या गावात राहा. गावात पिठलं-भाकरी सांगून ठेवली की त्या घरालाही चार पैसे मिळतात.

परत फिरायची वेळ मात्र घरूनच ठरवून निघायचं, दोन्हीकडे. "बारापर्यंत माथा नाही आला तर उतरायचं", "एकपर्यंत वारा नाही आला तर इंजिन लावून परत". तिथे गेल्यावर ठरवायला गेलात की मन ऐकत नाही.

अडचण आली तर कुणाला फोन करायचा?

समुद्रात तटरक्षक दलाचा नंबर १५५४, आणि होडीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६. जमिनीवर ११२. डोंगरात महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर ही गिर्यारोहकांनी चालवलेली यंत्रणा आहे, स्थानिक रेस्क्यू टीम त्यांच्यामार्फत निघतात, त्यांचा हेल्पलाइन नंबर निघायच्या आधी फोनमध्ये सेव्ह करा. हे सगळे स्वयंसेवक आहेत, आपली कामं सोडून येतात. घरी एका माणसाकडे कुठे जातोय, कुणाबरोबर, किती वाजेपर्यंत परत, हे लिहून ठेवायचंच.

खर्च परवडेल का?

ट्रेकचा खर्च तुम्हाला माहितीच आहे, एसटी-लोकल आणि जेवण. सेलिंगचा कोर्स हाच वर्षातला मोठा खर्च. त्यानंतर स्वतःची होडी घ्यायची अजिबात गरज नाही, क्लबमध्ये क्रू कमी पडत असतात, वेळेवर येणारा आणि सांगितलेलं ऐकणारा माणूस असेल तर बोलावतात. विद्यार्थी असाल तर एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये सेलिंग शिकायला मिळतं.

सेलिंग हा आपल्या लोकांचा खेळ आहे का? श्रीमंतांचा वाटतो.

आपलाच आहे. कमांडर दिलीप दोंदे हे शिडाच्या होडीने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात परत आले, म्हादेई होडीने, जी गोव्यात बांधली होती. त्या सगळ्या सागर परिक्रमेमागची कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची, आणि ते निवृत्तीनंतर राहायचे कुठे, तर फलटणजवळ विंचुर्णीला, समुद्रापासून कितीतरी आत, माणदेशाच्या कडेला. देशावर राहूनही समुद्राचा ध्यास धरता येतो तो असा. त्यामुळे सातारा, नाशिक, नगरच्या मुलांनी "आमच्याकडे समुद्र नाही" म्हणायचं कारण नाही.

मुलांना नेता येईल?

आठ-नऊ वर्षांच्या पुढे ऑप्टिमिस्ट नावाच्या छोट्या होडीत मुलं एकटी शिकतात, मोठ्यांपेक्षा लवकर. शिवनेरी, प्रतापगड, सिंधुदुर्ग मुलांना सहज जमतात. साल्हेर थोडं थांबून.

सुरुवात कुठून आणि शेवटी काय ठेवू?

सुरुवात शिवनेरी-नाणेघाटाने केली तरी चालेल, पण साल्हेर कधी करायचा ते मात्र विचार करून ठरवा. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, माथ्यावर परशुरामाचं देऊळ आहे. परशुरामाने दान करून टाकलेल्या जमिनीवर राहायचं नाही म्हणून इथूनच बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण वर काढलं अशी कथा गावात सांगतात. समुद्रापासून इतक्या आतल्या डोंगरावर समुद्राची कथा. मी म्हणेन आधी खांदेरी करा, मग साल्हेरला जा. वाघांबे किंवा साल्हेरवाडी, दोन्हीकडून वाट आहे. वाघांब्याहून साल्हेर-सालोटामधल्या खिंडीत चढून गेलात तर सालोटाही त्याच दिवशी होतो, फक्त पाणी खालूनच भरून घ्या आणि पहाटे लवकर निघा.